डेल्फीच्या चढाखालच्या चपला

मी एकतीस वर्षं साताऱ्याच्या एका शाळेत इतिहास शिकवला, आणि दर वर्षी त्यात ग्रीस शिकवला. ग्रीस काही पाहिला नाही. गोकर्णाच्या पलीकडे माझा पाय गेलेला नाही. पण फळ्यापुढे उभी राहिले की अशी बोलायचे, जसं काही अथेन्स माझं माहेरच आहे. मुलं बिचारी ऐकून घ्यायची. न ऐकून करतात काय! माझा राग नाकावर असतो हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

पुस्तकात ग्रीसला दोन पानं होती. दुसऱ्या पानावर एका देवळाचं चित्र होतं, छपाईत असं काळं झालेलं की देऊळ आहे की उसाचा ट्रक, कळू नये. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. इस्लामपूरकडच्या खेड्यातली, मामाकडे राहून शिकणारी. म्हणाली, "बाई, ह्या देवळाला खांब किती हायती?"

"आहेत," मी म्हणाले. "हायती नाही, आहेत. आणि ते परीक्षेला येणार नाही. बस खाली."

ती बसली. पण तास संपेपर्यंत चित्रावर बोट ठेवून मोजत होती. मी पाहिलं आणि सोडून दिलं. मलाही खांब किती ते माहीत नव्हतं, हे आज लिहायला हरकत नाही.

मी निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी, एका दुपारी, दारात तिशीची एक बाई उभी. मी तिला लगेच ओळखलं असं खोटं सांगणार नाही. तीच म्हणाली, "बाई, मी ती खांबवाली." तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

चहा होईपर्यंत तिने सगळं सांगितलं. पुण्यात ती संगणकावर इमारतींची चित्रं करायची. आता नोकरी सोडून सांगलीला आली होती. तिच्यासारखी आणखी तिघं होती. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर त्यांनी एक खोली घेतली होती, आणि परदेशातल्या एका संग्रहालयाला त्यांच्याकडून डेल्फी हवं होतं. ग्रीसमधलं, डोंगरावरचं डेल्फी. दगडविटांचं नाही, व्हीआरमधलं. संग्रहालयात येणाऱ्याने डोक्याला एक जाडजूड चष्मा बांधायचा, की तो थेट दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या डेल्फीत उभा. मान वळवावी तिकडे डोंगर, पाऊल टाकावं तिकडे वाट.

"आणि हे सांगलीत होणार?" मी म्हणाले.

"का न व्हावं?" ती म्हणाली. माझ्याशी ती अर्धं शाळेतलं, अर्धं गावातलं बोलायची. "पण अजून पक्कं न्हाई, बाई. आधी नमुना द्यायचा. शेवटची वाट आणि वरचं देऊळ, एवढंच. त्यांच्या तज्ज्ञांना पटलं तर सगळा डोंगर आमचा. न्हाई पटलं तर खोली बंद, आणि मी परत पुण्याला. तितं मी काय करायचे ठाऊक हाय का? न बांधलेल्या फ्लॅटांची स्वयंपाकघरं. जी पडलीत ती उभी करायचीत मला. जी अजून उभीच न्हाईत, ती करून कंटाळा आला."

तिच्या वडिलांचं म्हणणं उलट होतं. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता गावी ऊस करतात. पुण्याची कायमची नोकरी सोडून पोरगी चष्मे लावून खेळत बसली, हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. नमुना नापास झाला की मुकाट्याने पुण्याला जायचं, असा बापलेकीत करार झाला होता.

"मग माझ्याकडे काय काम?"

"चुका काढा. तुमच्याइतक्या चुका काढणारं मानूस मी जिल्ह्यात पाहिलं न्हाई."

यावर रागवावं की हसावं ते मला कळेना. पुढच्या सोमवारी मी सांगलीच्या एसटीत बसले होते.

खोली म्हणजे काय, खाली ऑइलचा वास, वर चार टेबलं. मधली जागा मोकळी ठेवलेली. तिने माझ्या डोक्याला चष्मा बांधला, अंबाडा आडवा आला तेव्हा हसू दाबत पट्टा सैल केला, आणि म्हणाली, "घाबरू नका. मी हितंच हाय."

अगं आई गं! मी मोठ्याने म्हणाले, आणि चौघं हसली ते मला कुठून तरी लांबून ऐकू आलं. मी एका डोंगराच्या कुशीत उभी होते. मागे दोन कडे, असे उभे की मान मोडावी. पायाखाली उजळ दगडांची वाट, ऊन लागून जरा पिवळट झालेली. एका अंगाला आडव्यातिडव्या दगडांची भिंत, दगडाला दगड असा बसवलेला की मध्ये सुई जाऊ नये. वाट वर वळत होती. बायका-पुरुष चढत होते, कुणाच्या डोक्यावर टोपली, कुणाच्या हातात दोरीने धरलेलं बोकड. आणि वळणाच्या वर ते देऊळ. माझ्या पुस्तकातलं काळं झालेलं देऊळ! रंगीत होतं ते. वर निळा आणि तांबडा रंग, मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. एकतीस वर्षं मी पोरांना पांढरं देऊळ शिकवत आले होते.

"मोजा बाई," कानाशी तिचा आवाज आला.

मी मोजले. समोर सहा. मग बाजूला जाऊन मोजले, पंधरा. कोपऱ्यातला दोनदा धरला की काय म्हणून पुन्हा मोजले. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि चष्मा असल्यामुळे पुसताही येत नव्हतं. कौतुक करायचा मला सराव नाही. चष्मा काढल्यावर मी एवढंच म्हणाले, "बरं आहे." ती मात्र शाळेत पहिला नंबर आल्यासारखी लाल झाली.

मग मला हळूहळू कळत गेलं की ती काम कसं करते. आणि खरं सांगते, मी हात टेकले. हजारो पावलांनी दगड कसा झिजतो ते पाहायला ती दोन दिवस वाईच्या घाटावर जाऊन बसली होती. दगड आपला काळा, तिकडचा पांढरा, पण झीज तीच, असं तिचं म्हणणं. पायरी मधोमध नाही झिजत, जिकडून बायका घागर घेऊन उतरतात तिकडे झिजते. कड्यावरच्या वाऱ्याचा आवाज तिने महाबळेश्वरला धरला. भल्या पहाटे कड्याच्या टोकाशी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन ही एकटी बसलेली. टॅक्सीवाले येऊन विचारून गेले, "म्याडम, कंच्या मालिकेचं शूटिंग हाय?" आणि त्या वाटेवर चढणाऱ्या बायका! त्यांची चाल तिने आमच्याच डोंगरावरच्या देवळाच्या वाटेवर बसून टिपली होती. कोणत्या वळणावर माणूस थांबतो, गुडघ्यावर हात कसा ठेवतो, पुढे गेलेल्याला हाक न मारता नुसतं कसं बघतो, सगळं. वस्त्रं ग्रीक, चेहरे ग्रीक, पण दम लागायची तऱ्हा माझ्या मावशीची. मी वर्गात साम्राज्यं शिकवली, लढाया शिकवल्या. डेल्फीला गेलेल्या बाईला चढावर दम लागला असेल, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

पण मला बोलावलं होतं चुका काढायला, आणि त्यात मी कसूर केली नाही. ऊन सकाळचं आणि एका खांबाची सावली संध्याकाळची, ही पकडली. बोकडाच्या गळ्यात नायलॉनसारखी चकचकीत दोरी होती, ती पकडली. त्यांच्यातल्या एका मुलाने हौसेने देवळाच्या दारात घंटा टांगली होती. त्याला मी असं झापलं की तो दोन दिवस माझ्या वाऱ्याला उभा राहिला नाही. "आपलं ते तिकडे घुसडायचं नाही," मी म्हणाले. "ते लोक आपण नव्हेत." फार रुबाबात म्हणाले. पुढे काय होणार होतं ते तेव्हा कुठे माहीत होतं?

देवळाच्या पायऱ्या माणसासाठी नव्हत्याच, गुडघाभर उंच. माणसांना वर जायला समोर दगडी चढ बांधलेला होता. एक दिवस मी त्या चढापाशी उभी राहून लोकांकडे पाहत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय? हे लोक पायताणं घालून देवापुढे चाललेत? काही रीतभात?"

ती हळूच म्हणाली, "बाई, चपला काढायच्या असं कुठं लिहिलेलं सापडलं न्हाई."

"प्रत्येक गोष्ट लिहावी लागते का? आईला आई म्हणतात हे कुठे लिहिलंय? जगात कुठलाही माणूस देवळात चपला घालून जाईल का? चढाच्या खाली चपला हव्यात. ढीग हवा. मला शिकवू नकोस."

तिने वहीत टिपून घेतलं. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं. पुढच्या आठवड्यात गेले तर चढाच्या उजव्या हाताला ढीग होता. काय ढीग केला होता! चामड्याच्या वाद्यांच्या चपला, एक उपडी पडलेली, एक जोड शिस्तीत बाजूला लावलेला, मध्ये एका लहान मुलाची एवढीशी. प्रत्येक चप्पल तिने वेगळी केली होती आणि प्रत्येकीचा अंगठा वेगळा झिजवला होता. मी पाठ थोपटली. तिची कमी, माझी जास्त.

मग नमुना दाखवायचा दिवस आला. तज्ज्ञ बाई मूळच्या ग्रीसच्याच, सगळी हयात त्या दगडांत गेलेली. पडद्यावर दिसल्या तेव्हा डोळ्यांवर चष्मा, केस पांढरे, आणि चेहऱ्यावर माझ्याच जातीची खाष्ट शिस्त. त्यांनी त्यांच्याकडचा व्हीआर चष्मा डोक्याला बांधला आणि बराच वेळ मान फिरवत वाट न्याहाळत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "ही बाई गुडघ्यावर हात ठेवून चढते आहे, तशी माझी आजी चढायची." मुलीने टेबलाखाली माझा हात दाबला.

आणि मग त्या थांबल्या. "इथे हा चपलांचा ढीग का आहे?"

त्यांनी हवेतच बोट रोखलं.

"कोणत्या आधारावर? काही पवित्र जागांचे असे नियम दगडावर कोरलेले सापडले आहेत, पण ते दुसरीकडचे. डेल्फीबद्दल असं काही मला माहीत नाही. हे कुणी ठरवलं?"

मी तोंड उघडायला हवं होतं. एकतीस वर्षं जे तोंड बंद झालं नाही, ते तेव्हा उघडेना. आणि ती मुलगी शांतपणे म्हणाली, "माझी चूक आहे. आमच्याकडे चपला काढतात. मी विचार न करता ते केलं."

बाईंनी चष्मा काढला. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, "आता मला प्रत्येक गोष्टीचा संशय येणार. यातलं दगडांनी सांगितलेलं किती आणि तुमच्या सवयीचं किती, मी कसं ओळखू?" मग चष्मा टेबलावर ठेवत म्हणाल्या, "ढीग काढून टाका. आणि आणखी एक. मला डेल्फी पाठ आहे, त्यामुळे माझ्या वाटण्याला अर्थ नाही. ज्यांनी हे नावही ऐकलेलं नाही अशा माणसांना दाखवा. आधी काही सांगू नका. ते नुसते फिरून, सिनेमा पाहिल्यासारखे बाहेर येतात, की आपण देवाच्या दारात आलो हे त्यांना कळतं, ते मला पाहायचं आहे. त्यांचं चित्रीकरण पाठवा. मग ठरवू."

परतीच्या एसटीत कराडपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते आणि मला काही दिसत नव्हतं. शरम म्हणजे काय ते मला साठीनंतर कळलं. घंटेवरून त्या मुलाला झापताना मी जे बोलले तेच माझ्या तोंडावर आपटलं होतं, आणि आपटल्यावर मी दुसरीच्या पदराआड लपले होते. तीही कोण, तर जिला मी एकदा खाली बस म्हणाले होते. कराडला बस थांबली तशी मी उतरले आणि सांगलीकडे जाणारी गाडी धरली.

खोलीत ती एकटीच ढीग पुसत होती. एकेक चप्पल पडद्यावरून नाहीशी होत होती.

"तू माझं नाव का नाही घेतलंस?" मी दारातूनच ओरडले.

ती म्हणाली, "तुमाला गप बसलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं, बाई. मला बघवंना."

"ते काही नाही. लाव त्या बाईंना फोन."

मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी त्यांना सांगितलं: ढीग माझा. ही नको म्हणत होती. मी तिची शिक्षिका, म्हणून तिने ऐकलं. तिच्या कामात दुसरी एकही सवय घुसलेली नाही, कारण बाकीच्या सगळ्या गोष्टी तिने मोजल्या आहेत. मोजली नाही ती फक्त माझी. मग त्या म्हणाल्या, "मीही शिक्षिका आहे. अशा चुका मी कबूल केल्या नाहीत कधी. पण चित्रीकरण मला पाहावंच लागेल." माझा जीव काही पूर्ण भांड्यात पडला नाही, अर्धा पडला.

साताऱ्यातल्या एका छोट्या संग्रहालयाचं मागचं दालन आम्हाला एका रविवारपुरतं मिळालं. लांबोळकं, ट्रेनच्या डब्यासारखं. मुलीने दालनाची लांबी मोजून चष्म्यातली वाट तिच्याशी जुळवून घेतली: दारापासून निघालं की तिसऱ्या खिडकीपाशी तो दगडी चढ सुरू व्हायचा आणि पलीकडच्या भिंतीशी देवळाचं दार यायचं. जमिनीवर दिव्यांच्या आणि कॅमेऱ्याच्या वायरी होत्या. तिथल्या शिपायाने स्वतःच्या हाताने पाटी लिहून दारात लावली: पायात वायर येईल, चपला-बूट काढू नयेत. येणाऱ्याला आम्ही एवढंच सांगायचं होतं, की हळूहळू सरळ चालत जा.

सकाळी कॉलेजची मुलं आली. चष्मा लावायचा, इकडेतिकडे मान फिरवायची, "लय भारी!" म्हणायचं, आणि बाहेर येऊन मोबाइल काढायचा. एक जण चढावर उड्या मारून आला. मग दोन कुटुंबं आली, तीही तशीच. "मस्त हं," म्हणाली आणि भेळ खायला गेली. सगळं कॅमेऱ्यात जात होतं. दुपारी बारापर्यंत मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. नमुन्यातला दगड खोटा नव्हता, वारा खोटा नव्हता, पण लोक सिनेमाला येऊन जात होते. ती मला म्हणाली, "पुण्याची बॅग भरावी लागनार, बाई." हसून म्हणाली, पण मला ते हसू सहन झालं नाही.

मी तिला न सांगता एक गोष्ट केली होती. आदल्या दिवशी तिच्या वडिलांना फोन केला होता. "शाळेच्या बाई बोलतेय," म्हणाले. "पोरीला पुण्याला पाठवायचं तर पाठवा, पण ती काय करते ते एकदा पाहून पाठवा." ते म्हणाले, "बाई, त्यो खेळ हाय. आमाला काय कळतंय त्यातलं?" पण बाईंनी बोलावलंय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

एकच्या सुमाराला ते आले. गावातल्या दहा-बारा जणांना वडापच्या भाड्याच्या जीपमध्ये घालून आणलं होतं, बायका, म्हातारे, एका सुनेच्या काखेला लेकरू. वडील उंच, पांढरी विजार कडक इस्त्रीची, पायात नाडीचे तपकिरी बूट, पॉलिश असं की त्यात तोंड बघावं. मुलगी त्यांना पाहून कॅमेऱ्यामागे जागच्या जागी थिजली. त्यांनी पाटी वाचली, मान हलवली, आणि म्हणाले, "चला. काय करायचं? हुकूम सांगा."

"हळूहळू सरळ चालायचं, आबा," ती म्हणाली. त्यापुढे एक अक्षर नाही. बापाला सुद्धा नाही.

त्यांना चष्मा बांधला. ते दोन पावलं चालले आणि थांबले. मान वर गेली, कड्यांकडे. मग चालायला लागले, आणि त्यांची चाल बदलत गेली. सुरुवातीला परेडसारखे पडणारे पाय हळू झाले. दुसऱ्या खिडकीपाशी ते जरा बाजूला सरकले. तिथे काहीच नव्हतं, रिकामी फरशी. पण त्यांच्या डोळ्यांपुढे ती म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून थांबली असणार, तिला त्यांनी वाट दिली. तिसऱ्या खिडकीपाशी ते उभे राहिले.

किती वेळ, मला सांगता येणार नाही. मागे गावची माणसं कुजबुजायची थांबली.

मग तो उंच माणूस एका गुडघ्यावर बसला. डोळ्यांवर तो जाड चष्मा, स्वतःचे पाय दिसत नव्हते. हात खाली चाचपत गेले, बूट सापडला, नाडीचं टोक सापडलं. फौजी गाठ होती, आवळलेली. बोटांनी ती सोडवली. मग दुसरा पाय. शिपाई पुढे धावला, "ओ काका, बूट न्हाई काढायचं, वायर—" मी त्याचा दंड धरला. माझा एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "तोंडातून शब्द काढलास तर बघ," मी म्हणाले.

त्यांनी मोजे काढून बुटात घातले, बूट चाचपून एकमेकांना चिकटवून लावले, आणि अनवाणी उठले. चढ चढताना गुडघे उचलत होते, सपाट फरशीवर. भिंतीशी पोचले आणि हात जोडून उभे राहिले.

त्यांच्यामागून बाकीच्यांनीही चपला काढल्या. त्यांनी वडिलांचं पाहून काढल्या हे मी प्रामाणिकपणे सांगते, त्याला पुरावा म्हणता येणार नाही. पण वडिलांनी बूट कुणाचं पाहून काढले? चष्म्यात काढून ठेवलेली एकही चप्पल नव्हती, आणि दारातली पाटी उलट सांगत होती. तासाभरात तिसऱ्या खिडकीपाशी ढीग झाला. एक उपडी पडलेली, एक जोड शिस्तीत बाजूला, मध्ये त्या लेकराची एवढीशी. चढाच्या उजव्या हाताला. मी सांगून करवलेला ढीग आम्ही पुसून टाकला होता. हा कुणी सांगितला नव्हता.

निकाल इथेच सांगून टाकते, मास्तरकीची सवय. तज्ज्ञ बाईंनी ते चित्रीकरण पाहून एकच प्रश्न पाठवला: त्या गृहस्थांना बूट काढायला कुणी सांगितलं? मुलीने पाटीचा फोटो काढून, तिचा अर्थ इंग्रजीत लिहून पाठवला. बाईंचं उत्तर आलं की चपलांचा ढीग डेल्फीत तरीही ठेवता येणार नाही, आधार नाही तर नाही. पण सगळा डोंगर तुम्हीच करायचा आहे. अशी बाई मला फार आवडते. आता सांगलीच्या त्या खोलीत नाट्यगृहाचं काम चाललं आहे, आणि मला आठवड्यातून दोनदा चुका काढायला बोलावतात. आता मी आधी विचारते, हे कुठे लिहिलंय?

पण निकाल लागायच्या आधीच, त्या रविवारी, माझ्या दृष्टीने सगळं संपलं होतं. वडिलांनी चष्मा काढला तेव्हा ते दालनाच्या टोकाला भिंतीपाशी उभे होते. डोळे मिचकावत त्यांनी त्या पोपडे आलेल्या भिंतीकडे पाहिलं. मुलगी धावत त्यांच्याजवळ गेली होती.

"कंचा देव गं त्यो?" त्यांनी विचारलं.

"उजेडाचा म्हनत्यात, आबा."

"तितं जाऊन बघता यील?"

"आता तितं काय न्हाई ऱ्हायलं. समदं पडलं. सहा खांब तेवढं उभं हायती."

"मग मी आत्ता बघितलं ते?"

"ते आमी केलं. आपल्या सांगलीत."

त्यांनी पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं, मग लेकीकडे, डोक्यापासून खाली पायांपर्यंत. आणि त्यांचा आवाज एकदम चढला, तिच्या लहानपणी चढत असेल तसा.

"मग तू हितं चपला घालून काय उभी ऱ्हायलीस?"

ती खाली पाहत राहिली. मग तिने डाव्या पायाने उजवी आणि उजव्या पायाने डावी चप्पल काढली, हातात घेतली आणि तिसऱ्या खिडकीपाशी त्यांच्या बुटांशेजारी नेऊन ठेवली. मी आपली दाराशी उभी होते, मला कुणी काही म्हणालं नव्हतं. मीही काढल्या.